काळ्या कपाटातला घेवडा

शाळेतली मुलं त्यांना कपाटमामा म्हणायची. शाळेच्या शिपायाला मामा म्हणायचंच असतं. त्यात हे प्रयोगशाळा सांभाळणारे, आणि प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात आतून काळा रंग दिलेलं एक लोखंडी कपाट, ज्याची किल्ली फक्त यांच्या खिशात. तेवढ्यावर नाव पडलं आणि कायमचं चिकटलं. त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकावर होतं, आणि तिथेसुद्धा ते नीट लिहिलेलं नव्हतं.

चौतीस वर्षं त्यांनी त्या खोलीत काढली. लांबलचक तीन टेबलं, भिंतीलगत चार बेसिनं, त्यातल्या दोहोंचे नळ गळके, काचेच्या बरण्यांत फिकट पडलेले मासे आणि एक बेडूक, दाराशी एक हात तुटलेला सांगाडा. तो हात मामांनी तारेने तीन वेळा बसवला होता आणि तिन्ही वेळा मधल्या सुट्टीत तो पुन्हा निखळला होता. परीक्षानळ्या धुणं, दिव्यात स्पिरिट भरणं, आम्लाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणं ही त्यांची रोजची कामं. पण त्यांचं म्हणून जे खास काम होतं, ते वर्षातून दोनच आठवडे चालायचं. सातवीच्या पुस्तकात एक प्रयोग होता: रोपांच्या वाढीवर उजेडाचा परिणाम. मुलांनी पत्र्याच्या दोन डब्यांत माती भरायची, घेवड्याच्या बिया लावायच्या, एक डबा खिडकीत ठेवायचा, दुसरा काळ्या कपाटात. चौदाव्या दिवशी दोन्ही रोपं पट्टीने मोजायची आणि वहीतला तक्ता भरायचा.

तक्त्यात काय भरायचं ते पुस्तकात आधीच छापलेलं होतं. उजेडातलं रोप हिरवं आणि उंच, अंधारातलं रोप पिवळं आणि खुजं.

आता घेवड्याने पुस्तक वाचलेलं नव्हतं, ही त्यातली अडचण. मामा नोकरीला लागले त्या पहिल्याच वर्षी त्यांनी सगळं मनापासून केलं. चोवीस वर्षांचं वय, नवी नोकरी, हात कामाला शिवशिवत होते. माती चाळून घेतली, बिया रात्रभर भिजवल्या, कपाटाच्या दाराला आतून कापडाच्या पट्ट्या लावल्या. चौदाव्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी सगळ्या वर्गासमोर कपाट उघडायला सांगितलं. मामांनी मोठ्या ऐटीत दार उघडलं, आणि आतून लोकरीच्या धाग्यांसारखी पिवळीधमक, लांबच लांब रोपं बाहेर लवंडली. खिडकीतली रोपं वीतभर होती. ही त्यांच्या जवळजवळ दुप्पट.

“मामा, डबे बदललेत तुम्ही,” सर म्हणाले.

“नाही हो सर. चिठ्ठ्या बघा ना. मुलांच्याच हातच्या आहेत.”

“मग चिठ्ठ्या बदलल्यात. काहीतरी घोळ घातलात तुम्ही. इतकं साधं काम आहे!” आणि वर्गाकडे वळून, “मुलांनो, मामा नवीन आहेत. तुम्ही पुस्तकातलं उतरवून घ्या.”

वर्ग खिदळला. मामांचे कान तापले. सांगण्यासारखी गोष्ट अशी की समोर पिवळीजर्द रोपं उभी होती, डबे बदलले म्हणावं तर खिडकीतलं रोप पिवळं कुठून असणार, एवढा विचार त्या खोलीत कुणीही केला नाही. सरांनी केला नाही, कारण त्यांना तास संपवायचा होता. तास संपल्यावर त्यांनी मामांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, “पुढच्या वर्षी पुस्तकात आहे तसं आलं पाहिजे. कसं आणायचं ते तुमचं तुम्ही बघा. साहेब लोक तपासणीला येतात.”

मामांनी बघितलं. या बाबतीत त्यांचं डोकं सरांपेक्षा चांगलं चालायचं, आणि हेच त्यांचं दुर्दैव. त्यांनी ते वर्षभर घरी डबे लावून हिशेब बसवला. मुलं पहिल्या दिवशी बिया लावून, हात धुऊन घरी गेली की मामा कपाटातल्या डब्यांतल्या बिया चमच्याने उकरून काढायचे. डबे तसेच ठेवायचे, चिठ्ठ्यांना धक्का लागू द्यायचा नाही. मग बरोबर सात दिवसांनी त्याच डब्यांत नव्या बिया लावायच्या. चौदाव्या दिवशी कपाटात कसं छान बोटभर, पिवळं, केविलवाणं रोप. पुस्तकातल्यासारखं. मधल्या दिवसांत एखादं पोर कपाट उघडून बघू म्हणालं तर मामांचं उत्तर तयार होतं: “दार उघडलं की उजेड आत जातो बाळा, प्रयोग नासतो.” पोराला ते पटायचं. शास्त्रीयच वाटायचं ते.

सरांनी पुन्हा कधी विचारलं नाही की हे कसं जमलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा लिहिला, प्रयोगशाळा उत्तम. सर हसून म्हणाले, “मामांचा हात आहे बुवा!” आणि मामा फुशारले. लबाडी अंगवळणी पडली की तिचं काम होतं, आणि काम चोख झालं की माणसाला बरं वाटतं. मामांना बरं वाटायचं. चमचासुद्धा त्यांनी वेगळा ठेवला होता, लांब दांड्याचा, आजूबाजूची माती न विस्कटता बी अलगद उचलणारा.

मामांना एकच मुलगी. घरात तिला मुंगी म्हणायचे, कारण लहानपणापासून ती कधी रिकाम्या हाताने चालली नाही. काहीतरी उचलून कुठेतरी नेत असायचीच. शाळा सुटली की ती सरळ प्रयोगशाळेत यायची, बापाच्या मागे मागे फिरायची, नळ्या पुसायची. आणि मोजायची. तिला पट्टीचं वेड होतं. दार किती उंच, चपाती किती रुंद, आईची वेणी किती लांब. शेजारच्या मांजराचं शेपूट मोजायला गेली तेव्हा हातावर तीन ओरखडे घेऊन आली, आणि तेही तिने मोजले. आकडा मिळाला की तिचा चेहरा उजळायचा. “बाबा, मोजलं की भांडण मिटतं,” ती म्हणायची. मामांना ती म्हणजे जीव की प्राण. संध्याकाळी दोघं शाळेतून चालत घरी यायची ते अखंड बडबडत. ती विचारणार, ते सांगणार. ते सांगायचे ते तिला काळ्या दगडावरची रेघ.

ती सातवीत गेली तेव्हा मामांना आधी किंचित धास्ती वाटली, मग त्यांनी मनाला समजावलं की सगळ्यांच्या लेकी शिकतात तशी हीसुद्धा फळ्यावरचं उतरवून घेईल. पण त्या वर्षी सरांना काय सुचलं कोण जाणे, ते वर्गाला म्हणाले, “ज्याला हौस असेल त्याने घरीही करून बघा.” हौस एकटीलाच होती.

पलंगाखाली एक जुनी लोखंडी पेटी होती, अंथरुणं ठेवायची. मुंगीने ती रिकामी केली. झाकण एका बाजूने वाकलेलं होतं, म्हणून तिने कणकेची खळ करून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या, एकावर एक तीन थर. वरून काळी चादर. एक डबा आत, एक खिडकीत. सकाळ-संध्याकाळ खिडकीत पडदा लावून, पेटीत हात घालून, अंधारातच बोटांनी चाचपत रोपाला पट्टी लावायची आणि बाहेर येऊन आकडा वहीत लिहायची. मामा हे सगळं बघत होते. खळ शिजवताना तिला भांडं त्यांनीच काढून दिलं.

नवव्या दिवशी ती बाहेर खेळायला गेलेली असताना मामांनी पेटीचं झाकण उचललं. रोपं झाकणाला डोकं लावून वाकली होती. पिवळी, लांब, अगदी त्यांच्या पहिल्या वर्षासारखी. ते गुडघ्यांवर बसून बघत राहिले. मागे दारात बायको उभी होती.

“सांगा तिला,” ती म्हणाली.

“काय सांगू? बाप चमच्याने बिया उकरतो म्हणून?”

“तेच सांगा. घरचं माणूस आहे ती. वर्गात जाऊन तोंडघशी पडेल पोर.”

“नाही पडत. फळ्यावर आकडे लिहितात, ते उतरवायचे असतात सगळ्यांनी.”

“सगळ्यांनी,” बायको म्हणाली. “ती उतरवणार आहे का? तुमची मुलगी ना ती?”

मामांनी झाकण लावलं, चादर होती तशी घातली. त्या रात्री जेवताना त्यांनी एकदा विषय काढलासुद्धा. “मुंगे, वहीत सर फळ्यावर लिहितील तेच लिही हं.” ती म्हणाली, “पण माझे आहेत ना आकडे!” आणि पुढे इतकी उत्साहात बोलत राहिली की त्यांनी ताटात आणखी भात वाढून घेतला. सांगणारच होते ते. उद्या सांगू, परवा सांगू. असे पाच दिवस गेले.

चौदाव्या दिवशी सरांनी वर्गात काळं कपाट उघडायला लावलं. बोटभर रोपं. सरांनी पट्टी लावली, फळ्यावर आकडे लिहिले. उजेडात चौदा, अंधारात पाच. मग सरांचं लक्ष गेलं की पहिल्या बाकावरची एक मुलगी लिहीत नाहीये.

“तुझं झालं का लिहून?”

“सर, मी घरी केला प्रयोग. माझे आकडे वेगळे आलेत.” ती उभी राहिली. वही दोन्ही हातांत धरली होती. “उजेडात तेरा. अंधारात सव्वीस.”

“सव्वीस?”

“हो सर. रोज वाढत होतं. रोजचे लिहिलेत मी.”

सरांनी वही घेतली, चाळली. चौदा दिवसांचे आकडे, सकाळचे निळ्या शाईत, संध्याकाळचे काळ्या. त्या वहीत एखाद्या माणसाला अर्धा मिनिट जरी थांबावंसं वाटलं असतं तरी बरंच काही वाचलं असतं. सरांना थांबावंसं वाटलं नाही. “वा! मोठाच उजेड पाडलास की,” ते म्हणाले. वर्गाला तेवढंच हवं होतं. हशा पिकला. “अंधारात झाड दुप्पट वाढतं होय? मग शेतकऱ्यांना सांगू या, शेतावर छप्पर घाला म्हणून. मनाने लिहिलंस ना हे?”

“नाही सर. मोजलंय.”

“खोटं बोलू नकोस.”

“नाही सर.” तिचा आवाज चिरकला, पण ती बसली नाही. आणि मग तिने ते केलं, जे कुठल्याही पोरीने केलं असतं. कपाटाशी डब्यांचा ट्रे धरून उभ्या असलेल्या आपल्या बापाकडे बघितलं. सरांनीही मग तिकडेच बघितलं.

“काय मामा? इतकी वर्षं तुमच्या हाताखालून हजारो डबे गेले. असं येतं कधी?”

मामांच्या हातातला ट्रे जड झाला. हो म्हणावं तर समोरच्या ट्रेमधली बोटभर रोपं कुठून आली ते सांगावं लागणार. सरांच्या नजरेत सरळ सरळ धमकी होती. नाही म्हणावं तर पोर सगळ्या वर्गात खोटारडी ठरणार. त्यांना एक तिसरी वाट दिसली आणि तीच त्यांना दयेची वाटली.

“नाही येत सर,” ते म्हणाले. “पण ती खोटं नाही बोलणार. आमच्या पेटीचं झाकण वाकडं आहे. फटीतून उजेड गेला असणार आत. त्याने बिघडला असेल प्रयोग.”

“बघ,” सर म्हणाले. “म्हणजे निष्काळजीपणा. प्रयोग असा करतात का? बस खाली. फळ्यावरचं उतरव.”

ती बसली. तिने फळ्यावरचं उतरवलं. त्या दिवसापासून वर्गात तिला उजेड म्हणायला लागले, ‘ए उजेड, खडू दे’, आणि ते नाव तिला शाळा सुटेपर्यंत पुरलं.

त्या संध्याकाळी ती बापाची वाट न बघता एकटी घरी गेली. मामा घरी पोचले तेव्हा पेटी मोकळी होती, पट्ट्या ओरबाडून काढल्या होत्या, दोन्ही डबे बाहेर उकिरड्यावर. आरडाओरडा नाही, रडणं नाही. तिने त्यांना काहीच विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, असं ते पुढे कित्येक वर्षं स्वतःला बजावत राहिले. वर्गातलं सगळं ऐकून बायको त्या दिवशी एकच वाक्य बोलली, “खोटारडी ठरू दिली असतीत तरी चाललं असतं.” मामांना त्याचा अर्थ लागला नाही. बाई रागात आहे, एवढंच ते समजले.

मुंगी प्रयोगशाळेत यायची बंद झाली. संध्याकाळची ती चालत, बडबडत येण्याची गंमतही संपली. बोलायची, नाही असं नाही. जेवलात का, चष्मा इथे आहे, पाऊस येईल, छत्री न्या. पण प्रश्न म्हणून एकही नाही. मामांनी ओळखलं की पोरीला सगळं कळलंय. इतकी हुशार मुलगी, तिला कळलं नसेल का की बाप खोटं बोलला? ती रागावली आहे, आणि हा राग आपण कमावलेला आहे. त्यांनी तो निमूट पत्करला. मनातल्या मनात ते तिच्याशी वाद घालायचे. माझी नोकरी गेली असती, मुंगे. मी तुला खोटी नाही ठरवली, मुंगे. फक्त पेटीवर ढकललं. अशी उत्तरं त्यांनी घासून-पुसून तयार ठेवली, कधीतरी ती जाब विचारेल म्हणून. तिने विचारला नाही.

दहावीनंतर सगळे म्हणाले, बापाचा वारसा आहे, विज्ञान घे. तिने नाही घेतलं. “मला नाही जमणार,” म्हणाली. पुढे पार्सलच्या कचेरीत लागली. काम चोख, पण वेग नाही. एकेक पार्सल दोनदा तोलायची, पत्ता तीनदा वाचायची. रांगेतली माणसं वैतागायची. सात वर्षांनी तिला विभागप्रमुख करायचं ठरलं तर तिने लेखी नकार दिला. जावयाने तो किस्सा सासऱ्यांना हसत हसत सांगितला. “म्हणते, माझ्या हातून चुका होतात. बाबा, मी लग्नापासून वाट बघतोय, एक चूक काही सापडली नाही!” मामा हसले नाहीत. बापावरचा राग ही मुलगी स्वतःच्या नशिबावर काढते आहे, असं त्यांना वाटलं, आणि थोडासा त्यांनाही राग आला. इतका कशाला धरून ठेवायचा माणसाने?

दरम्यान विज्ञानाचे सर मुख्याध्यापक झाले, सत्कार घेऊन निवृत्त झाले. त्यांच्या जागी एकामागून एक तिघं आले आणि तिघांनाही पुस्तकाप्रमाणे रोपं मिळाली. मामा दर वर्षी चमचा काढायचे. मुंगीच्या त्या दिवसानंतर थांबता आलं असतं, नाही असं नाही. पण थांबणं म्हणजे तिला त्या दिवशी उगाचच बळी दिलं असं कबूल करणं, आणि ते करण्यापेक्षा बिया उकरणं सोपं होतं.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना नव्या बाई आल्या. तरुण, भरभर चालणाऱ्या, स्वतःचा डबा स्वतः धुणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी कपाटाची किल्ली मागून घेतली. “मुलांना रोज एकदा बघू देऊ या ना मामा, मंद हिरवा दिवा लावून.” मामांचा नाइलाज झाला. चौदाव्या दिवशी पिवळी रोपं लांबच लांब, आणि बाईंच्या तोंडावर आश्चर्य नाही. त्या मुलांना समजावत होत्या की बीमध्ये साठवलेलं जेवढं असतं ते सगळं खर्चून रोप उजेड शोधत वर धावतं. ते उंच होतं पण बळकट होत नाही, म्हणून उंची म्हणजे वाढ असं समजू नका. साठा संपला की ते मरतं. मामा दाराशी उभे राहून ऐकत होते. चौतीस वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात एका शब्दाची चूक होती, बस्स. खुजं ऐवजी लुकडं लिहिलं असतं तर चमच्याची गरज पडली नसती.

मुलं गेल्यावर बाई म्हणाल्या, “मामा, तुम्हाला तर हे माहीतच असणार. इतकी वर्षं बघताय.”

आणि मामांनी सगळं सांगून टाकलं. सर, चमचा, सात दिवस. फक्त मुंगीचं सांगितलं नाही. बाईंना हसू फुटलं. वाईट हेतूने नव्हे. त्या वाईट नव्हत्याच. पण दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत चहाच्या वेळी ती गोष्ट पोचली होती. “चमच्याने! म्हणजे एकेक बी!” कुणीतरी डोळे पुसत म्हणत होतं. “मामा, तुम्हाला पीएचडीच द्यायला हवी.” मामा चहाचे कप गोळा करत होते. चौतीस वर्षांची लबाडी, आणि कुणी साधं रागावलंसुद्धा नाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या रविवारी ते लेकीकडे गेले. एकटेच. जावई बाजारात गेला होता. तिसरा मजला, छोटंसं नीटनेटकं घर, खिडकीत एकही कुंडी नाही. मुंगीने चहा टाकला. मामा स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसले आणि त्यांनी एकदाचं तोंड उघडलं.

“मुंगे, तुला सातवीतलं आठवतं? ते घेवड्याचं?”

ती पाठमोरी होती. “हो.”

“तुझे आकडे बरोबर होते.”

ती वळली नाही. मामांनी मग पहिल्या वर्षापासून सांगायला सुरुवात केली. चमच्यापर्यंत आले, सात दिवसांपर्यंत आले. नव्या बाईंनी सांगितलेलं सांगितलं. चहा उतू जायला आला तसा तिने गॅस बारीक केला. मामा म्हणाले, “तू इतकी वर्षं रागावलीस, ते बरोबरच होतं. मला फक्त एकदा माझ्या तोंडाने सांगायचं होतं.”

“रागावले?” ती आता वळली. “कुणावर?”

“माझ्यावर. वर्गात खोटं बोललो म्हणून.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. पार्सलवरचा पत्ता वाचावा तसं पुन्हा पुन्हा बघत होती. “तुम्ही खोटं बोललात हे मला आत्ता कळतंय, बाबा.”

“अगं, पण मग... तू यायची बंद झालीस. बोलायची बंद झालीस.”

“लाज वाटायची. तुम्हाला मान खाली घालायला लावली मी सगळ्या वर्गासमोर. लॅबवाल्या मामांची मुलगी, आणि तिला एक पेटी नीट बंद करता येत नाही.” ती सावकाश बोलत होती. “मी त्या दिवशी घरी येऊन पेटीत आडवी झाले होते. गुडघे पोटाशी घेऊन, आतून झाकण लावून. फट शोधायला. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, दिसायला हवा होता ना उजेड? कुठूनच दिसत नव्हता. मी डोळे फाडफाडून बघितलं. मग म्हटलं, बाबा म्हणतात म्हणजे असणार. मलाच दिसत नाहीये. त्याच्यानंतर पट्ट्या काढल्या.”

“मुंगे...”

“तुम्ही उघडून बघितली होती का पेटी? तेव्हा?”

इथे अजूनही नाही म्हणता आलं असतं. बायको सोडून कुणाला माहीत नव्हतं. “हो,” मामा म्हणाले. “नवव्या दिवशी.”

तिने मान हलवली, एखादा आकडा जुळावा तशी. “नुसतं ‘येत नाही’ म्हणाला असतात ना बाबा, तर मी तुम्हाला खोटं ठरवलं असतं. खरंच. भांडले असते घरी येऊन. चार दिवस रडले असते आणि पुन्हा लावला असता घेवडा. पण तुम्ही फट सांगितलीत. कारणासकट सांगितलंत. मग मी काय करणार होते?”

मामांकडे एकवीस वर्षं तयार ठेवलेली उत्तरं होती, आणि त्यातलं एकही या प्रश्नाचं नव्हतं. रागाला ती उत्तरं होती. राग नव्हताच कधी. पोरीने बापावर विश्वास ठेवला होता, स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त, आणि त्या विश्वासावर ती आजवर जगत आली होती. त्यांना वाटलं, आत्ता हिने आपल्याला दोन शिव्या द्याव्यात, चहाचं भांडं आपटावं, घरातून जा म्हणावं.

तिने चहा गाळला, कप त्यांच्या हातात दिला. बशी द्यायला विसरली नाही. “सव्वीस होता ना शेवटचा?” तिने विचारलं. इतक्या वर्षांत तिने त्यांना एखादा आकडा विचारला तो आज पहिल्यांदा.

“सव्वीस,” मामा म्हणाले. “बरोबर होता तो.”

“हं,” ती म्हणाली, आणि त्यांच्या समोर येऊन बसली. मग उठली, आत गेली, गॅसच्या बटणावर हात ठेवून बघितलं, बंद होतं. परत येऊन बसली. स्वतःच्या कपाला हात लावला नाही. मग पुन्हा उठली.

“बंद आहे गं,” मामा म्हणाले. “मी बघितलंय.”

ती दाराशी क्षणभर थांबली, त्यांच्याकडे बघितलं, आणि आत जाऊन पुन्हा स्वतः बघून आली.